पानांना हात लावायचा नाही

आबांचे हात स्वस्थ बसलेले कोणी पाहिले असतील तर त्याने पुढे यावं. खुद्द आजींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उभ्या संसारात ते पाहिले नव्हते. बोलता बोलता आबा शर्टाची गुंडी फिरवत बसायचे, ती आठवड्याच्या आत तुटून हातात यायची. बसमध्ये बसले की तिकिटाची अशी बारीक सुरळी वळायचे, की तपासनीस ती उलगडत बसे आणि तोवर आबांची उतरायची जागा मागे पडे. घरातली कणीक मळायचं काम लग्न झाल्या झाल्या त्यांच्याकडे आलं होतं. तेवढ्या एका बाबतीत आजींची त्यांच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

यात आबांचा तरी काय दोष? डोंगराच्या उतारावर त्यांचा छोटासा चहाचा मळा होता आणि त्यांनी जन्मभर काळा चहा केला होता, तोही हाताने. खुडून आणलेली पानं आधी कोमेजू द्यायची. मग दोन्ही तळव्यांत धरून चोळायची, वळायची, पुन्हा चोळायची. पानातला रस सुटला की ओल्या फडक्याखाली झाकायची आणि रंग तांबूस झाला की भट्टीवर सुकवायची. यातलं चोळणं हे आबांचं राज्य. आसपासच्या मळ्यांत त्यांच्यासारखं पान कोणी वळत नसे, हे त्यांचे स्पर्धकही मान्य करत, अर्थात आबा समोर नसताना. पण गेल्या हंगामात चिरंजीवांनी पानं वळायचं यंत्र आणलं. आबांना दिवसभर पुरणारं काम ते दुपारच्या आत उरकायचं, आणि आबांचे हात एकदम बेकार झाले. तेव्हापासून घरातली एकही वस्तू सुरक्षित राहिली नाही.

त्यात सूनबाईने पांढऱ्या चहाचं काढलं.

सूनबाई लग्नाआधी शहरातल्या एका चहाच्या दुकानात चव घेण्याचं काम करायची. दुकानाच्या मालकीणबाई मोठ्या करारी, पण हिच्यावर त्यांचा जीव. मळा एवढासा, त्यावर दोन पिढ्यांची चूल पेटणं दिवसेंदिवस अवघड होत चाललेलं, हे त्यांच्या कानावर होतंच. त्यांनी सूनबाईला फोनवर सरळ सांगितलं, "वरच्या अंगाच्या जुन्या झुडपांना लठ्ठ, लवदार कळ्या येतात म्हणतेस ना? मग मला त्यांचा पांढरा चहा करून दाखव. वसंत सरताना मी स्वतः येते. जमला तर दर वर्षी मी घेणार. नाही जमला तर हट्ट सोडायचा आणि नवऱ्याला, पोरीला घेऊन इकडे यायचं. तुझी खुर्ची मी अजून कोणाला दिलेली नाही."

फोन ठेवून सूनबाईने हे जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. आबांनी त्यातून एवढंच घेतलं, की चहा जमला नाही तर ठमी जाणार.

ठमी ही नात. नुकतीच शाळेत जाऊ लागली होती, पुढचे दोन दात पडले होते आणि घरादारावर हुकमत गाजवत होती. मुलगा आणि सून गेल्याचंही दुःख आबांना झालंच असतं. पण ठमी गेल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना खरोखरच सुचेना. त्या दिवशी त्यांनी टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या इतक्या सुरळ्या केल्या, की आजींना बातम्या शेजारणीकडून ऐकाव्या लागल्या.

संध्याकाळी सूनबाईने नमुन्याचा थोडासा चहा काढला. काचेच्या भांड्यात चिमूटभर कळ्या टाकल्या, पाणी उकळून जरा निवू दिलं आणि मग ओतलं. कळ्या वर तरंगल्या, मग एकेक करत उभ्या उभ्या खाली उतरल्या. बऱ्याच वेळाने तिने पेले भरले. आबांचा चहा म्हणजे दूध, साखर आणि तोंडाला फेस आणणारा कडकपणा. त्यांनी एक घोट घेतला, जरा थांबले, दुसरा घेतला.

"सूनबाई, राग मानू नकोस," ते म्हणाले. "पण तू गरम पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिलीयेस."

सूनबाई हसली. "असू दे. याची सवय व्हावी लागते, आबा. हा मूळचा चीनमधला, तिकडच्या डोंगराळ किनारपट्टीवरचा. तिथे काही झुडपांच्या कळ्यांवर पांढरी लव असते, सुकली तरी ती तशीच राहते. म्हणून पांढरा चहा."

"म्हणजे झुडूप आपलंच? चहाचंच?"

"चहाचंच. कधी खुडलं आणि किती खुडलं, त्यावर प्रकार ठरतो. अगदी सुरुवातीची नुसती कळी घेतली की ती रुपेरी सुई. हा सगळ्यांत नाजूक. कळीबरोबर दोन कोवळी पानं घेतली की दुसरा प्रकार, तो जरा भरलेला, फुलांच्या वासाचा. आणि मागाहून येणारी थोराड पानं घेतली तर तिसरा. त्याच्या नावात भुवई आहे, दीर्घायुषी माणसाची भुवई."

ठमीने आबांच्या भुवयांकडे निरखून पाहिलं. "आबांचा करता येईल," ती म्हणाली.

"बरं, आणि करायचा कसा?" आबांनी भुवई चाचपत विचारलं.

"चोळायचा नाही. वळायचा नाही. झाकायचा नाही. परड्यांत पातळ पसरायचा आणि सोडून द्यायचा. वारं लागू द्यायचं, आपोआप सुकत येतो. अगदी शेवटी जेमतेम ऊब द्यायची. बस."

"आणि मधे माणसाने काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

आबांनी आजींकडे पाहिलं. "याला काम म्हणतात?"

"तुम्हाला जमणार नाही ना?" आजी म्हणाल्या. "मग नक्की काम असणार."

पहिल्या खुडणीला सगळं घर वर गेलं. ऊन कोवळं होतं, कळ्या भरलेल्या होत्या, ठमी प्रत्येक झुडपाला "थँक्यू" म्हणत होती. आणलेल्या कळ्या सूनबाईने वाऱ्याच्या खोलीत पसरल्या. वाऱ्याची खोली म्हणजे मागच्या बाजूची लांबट खोली. तिला दोन्ही अंगांना खिडक्याच खिडक्या आणि खिडक्यांना दारं नाहीत, नुसती जाळी. बांबूच्या तीन पसरट परड्या भरल्या आणि मांडणीवर एकीखाली एक लागल्या. दाराबाहेर येऊन सूनबाईने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "पानांना हात लावायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांनी सर्वांत जोरात डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खोलीत गेले ते नुसते बघायला, यावर त्यांच्या शत्रूनेही विश्वास ठेवावा. कळ्या मऊ पडल्या होत्या. चोळायला अगदी योग्य, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि ते स्वतःशीच हसले. मग त्यांना आठवलं की कोंबड्यांचं कुंपण एका बाजूने सैल झालंय. ते कुंपणाचा विचार करत राहिले. कुठला खांब बदलायचा, तार घरात आहे की आणावी लागेल, वगैरे. विचार पुरा झाला आणि त्यांनी खाली पाहिलं. समोरच्या तिन्ही परड्यांतल्या कळ्या सुरेख वळलेल्या होत्या. एकसारख्या, घट्ट, देखण्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या हातून इतकं बारीक काम झालं नव्हतं.

सूनबाई आली तेव्हा ते तसेच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे लपवून. तिने परड्या पाहिल्या. एक कळी उचलून नाकाशी धरली. रस सुटला होता आणि कडा काळ्या पडू लागल्या होत्या.

"आबा," ती म्हणाली.

"मी कुंपणाचा विचार करत होतो," आबा म्हणाले.

सूनबाई उंबऱ्यावर बसली. तिला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू आलं. आबांना त्यातलं काहीच बघवेना. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री त्यांना घास गेला नाही. ज्या हातांनी ठमीला पाळण्यात घातलं त्याच हातांनी आपण तिला घराबाहेर काढतोय, असं त्यांनी आजींना बोलून दाखवलं. आजींनी त्यांच्यापुढे कणकेची परात सरकवली आणि म्हणाल्या, "मळा. डोकं हलकं होईल."

सुयांचा मोसम गेला. कळी आता एकटी राहिली नव्हती, तिच्या दोन बाजूंना पानं उमलली होती. म्हणजे दुसरा प्रकार. दुसरी खुडणी झाली आणि या खेपेला आबांना वाऱ्याच्या खोलीची वाटच बंद झाली. चिरंजीवांनी त्यांना कोंबड्यांच्या कुंपणावर धाडलं. आबा निमूटपणे गेले आणि त्यांनी ते कुंपण असं आवळलं, की कोंबड्यांना श्वास घ्यायला जड गेलं असेल.

आणि तरीही चहा बिघडला. कारण आजी. वारा जरा जोराचा सुटला, पानं उघडी पडलेली दिसली, आणि आयुष्यभर काळ्या चहाच्या पानांवर ओलं फडकं घालणाऱ्या त्या माउलीने मायेने सगळ्या परड्या झाकून टाकल्या. सकाळी फडकी काढली तर खाली तपकिरी लगदा आणि एक कोंदट, ओलसर वास. आबाही बघायला आले. आपण यात नाही, या आनंदाने ते क्षणभर फुलले. मग तो वास त्यांच्या नाकात शिरला आणि सूनबाईचं तोंड त्यांना दिसलं. त्यांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवला. आजी पदराच्या टोकाशी खेळत गप्प उभ्या होत्या, आणि आजी गप्प हे दृश्य घरात कोणाच्या ओळखीचं नव्हतं.

"आई, जाऊ द्या," सूनबाई म्हणाली. "अजून वरची सावलीतली झुडपं आहेत. तिकडे वसंत उशिरा पोचतो. पण ती शेवटची. त्यानंतर मालकीणबाईच येतील."

तिसऱ्या खुडणीच्या आधी घरात सभा भरली. आबांनी स्वतःच मुद्दा मांडला. "मला कोंबड्यांकडे पाठवू नका. लांब ठेवलंत तर माझा जीव तिथे अडकतो आणि मी कधीतरी गुपचूप येणार. मला त्याच खोलीत बसवा. पण माझ्या हातांचं काहीतरी करा."

आजींनी उपाय काढला. त्यांनी आबांना वाऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यांत लोकरीची लड अडकवली. स्वतः समोर बसून गोळा गुंडाळू लागल्या. गोळा संपला की दुसरी लड. लडी संपल्या की गुंडाळलेल्या गोळ्याची पुन्हा लड. ठमी दारात पहाऱ्याला. आबांचं बोट जरा वळवळलं की ती ओरडायची, "आबा हलले!"

आणि मग अशी एक गोष्ट झाली, जी कधी होईलसं आबांना वाटलं नव्हतं. हात अडकले, डोळ्यांना समोर त्याच त्या परड्या, कान आजींच्या बडबडीला सरावलेले. राहिलं नाक. आजवर पानाची सगळी खबर त्यांना तळव्यांतून मिळत आली होती. नाकाला कोणी काही विचारलंच नव्हतं. आता ते आपणहून बोलू लागलं. पहिल्या दिवशी खोलीत कापलेल्या गवताचा वास होता. रात्री तो कमी झाला आणि काकडी चिरल्यासारखा काहीतरी थंड वास आला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा तोही गेला, आणि त्याच्या मागून फुलांचा वास आला, अगदी हलका, श्वास जोरात घेतला की पळून जाणारा.

"अगं, तुला येतोय का?" त्यांनी आजींना विचारलं.

"काय?"

"फुलं."

आजींनी नाक उडवलं. मग पुन्हा एकदा हळूच वास घेतला आणि लोकर गुंडाळायची थांबल्या. "अगबाई," त्या म्हणाल्या. म्हातारा-म्हातारी बराच वेळ नुसती वास घेत बसली. आबांना आयुष्यात पहिल्यांदा काही न करता बरं वाटलं, आणि याचं त्यांना एवढं हसू आलं की ठमीने लगेच "आबा हलले!" म्हणून आरोळी ठोकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाई यायच्या होत्या. सूनबाई आणि चिरंजीव त्यांना आणायला खाली बस थांब्यावर निघाले. जाताना सूनबाईने सगळ्या परड्या पाहिल्या. "जवळजवळ झालाय. संध्याकाळी आल्यावर ऊब देऊ. तोवर काहीही होवो, कोणीही हात लावायचा नाही. शपथ घ्या."

आबांनी लोकरीसकट हात वर करून शपथ घेतली.

ती दोघं वळणाआड गेली आणि थोड्याच वेळात दरीतून धुकं वर येऊ लागलं. त्या दिवसांत धुकं यायला नको होतं, पण धुक्याला कोण सांगणार? आधी खालची झाडं गेली, मग कोंबड्यांचं कुंपण गेलं, मग ते जाळ्यांतून सरळ खोलीत आलं. आबांची नाकपुडी फुलली. फुलांचा वास थांबला होता. आधी नुसता थांबला. मग त्या जागी एक ओलसर कोंदटपणाचा धागा आला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. आजींच्या फडक्यांखालून आला होता तोच.

"अगं, चहा बिघडतोय," आबा म्हणाले.

"सूनबाईला फोन करा."

फोन केला. डोंगराच्या खालच्या अंगाला फोन लागत नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा केला. धुकं दाटत गेलं. आबा उठले आणि तसेच मध्येच उभे राहिले. त्यांच्या मनगटांवरून लोकर लोंबत होती.

"बसा!" आजी म्हणाल्या. "शपथ घेतलीये तुम्ही. दोनदा वाट लागलीये चहाची. एकदा तुमच्यामुळे, एकदा माझ्यामुळे. आता पुन्हा काही झालं तर त्या पोरीला तोंड कसं दाखवायचं?"

"हात लावला तर मी मेलो," आबा म्हणाले, "आणि नाही लावला तर चहा मेला."

गंमत बघा. जन्मभर हात आवरता न आलेला हा माणूस, आणि आज हात उचलायची वेळ आली तर तो भीतीने गारठला होता. चुकलो तर? नाकाची ओळख दोन दिवसांची, तिच्यावर ठमीला पणाला लावायचं? तेवढ्यात ठमीच दारातून आली, तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, "आबा, फडक्याचा वास येतोय."

आबांनी मनगटांवरची लोकर काढून गळ्यात टाकली.

"आपण पानांना हात लावायचा नाही," ते म्हणाले. "परड्यांना लावायचा."

भट्टीच्या खोलीत सकाळच्या काळ्या चहाचे निखारे होते. आबांनी त्यांवर राख पसरली, वर तळवा धरला, मान हलवली, आणखी राख पसरली. पुन्हा तळवा धरला. पांढऱ्या चहाला किती ऊब लागते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, सूनबाई फक्त 'जेमतेम' म्हणाली होती. तेव्हा आबांनी ठमीला ताप नसताना तिचं कपाळ जेवढं गरम लागतं त्याच्या जरा वर, असा अंदाज बांधला. खात्रीसाठी एकदा ठमीचं कपाळही चाचपलं. मग दोघं म्हातारी एकेक परडी दोन बाजूंनी धरून चालू लागली. ठमी पुढे दारं उघडत, ओठांवर बोट ठेवून. "हळू! पानं झोपलीयेत!" आजींचे गुडघे कुरकुरत होते, आबा त्यांना दटावत होते, आजी त्यांना दटावत होत्या, सगळं कुजबुजत. एका परडीला उंबऱ्यावर धक्का बसला तेव्हा तिघांनीही एकदम श्वास रोखला. पानं जरा सळसळली आणि पुन्हा स्वस्थ झाली.

सगळ्या परड्या मांडून झाल्यावर आबा भट्टीपाशी बसले. कोंदट वास काही केल्या हटेना. त्यांनी राख जरा सारली, तळवा धरला, थांबले. बराच वेळ गेला. मग तो ओलसर धागा विरला, आणि सुकल्या गवतासारखा, त्यामागे किंचित मधासारखा एक वास हळूच वर आला. तो बरा की वाईट, हे आबांना कळेना. हा त्यांनी पूर्वी कधी घेतलाच नव्हता.

अंगणात आवाज आले. सूनबाई धुक्यातून धावतच आली होती, मागून चिरंजीव आणि मालकीणबाई धापा टाकत येत होते. ती थेट वाऱ्याच्या खोलीत शिरली. मांडणी रिकामी.

"आबा!" अशी हाक त्या घराने पूर्वी ऐकली नव्हती.

आबा भट्टीच्या दारात आले. गळ्यात लोकर, कपाळाला राख. "पानांना हात लावला नाही, सूनबाई," ते म्हणाले. "ठमीची शपथ. धुकं आलं, फुलांचा वास गेला, फडक्याचा आला. म्हणून परड्या उचलल्या. चुकलं असेल तर..."

सूनबाई त्यांच्या बाजूने आत गेली. परडीवर वाकली, तळवा राखेवर धरला, डोळे मिटून वास घेतला. तिचा चेहरा कोणालाच वाचता येईना. "पाणी ठेवते," एवढंच ती म्हणाली.

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले. मालकीणबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि चहासमोर कोणाचीही भीड न ठेवणाऱ्या. त्यांनी एक पान तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं. कळीवर लव शाबूत होती, पानाचा वरचा भाग राखाडी-हिरवा, खालचा रुपेरी. पाणी ओतलं. भांड्यात फिकट पिवळा रंग उतरला. मालकीणबाईंनी पेला नाकाशी नेला, घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि खिडकीबाहेर धुक्याकडे बघत बसल्या.

आबांच्या हाताला टेबलाच्या चादरीची कड लागली आणि तिची सुरळी होऊ लागली. आजींनी ती सोडवली.

"दुसरं पाणी घाल," मालकीणबाई म्हणाल्या. दुसरा पेला झाला, तिसरा झाला. मग त्यांनी पेला खाली ठेवला. "कडेची थोडी पानं काळवंडलीयेत. धुक्याने धरलीच होती म्हणायची. आणखी जरा वेळ राहिला असता तर मी हा ओतून दिला असता. पण बाकी..." त्या आबांकडे वळल्या आणि त्यांचं तोंड एकदम हसरं झालं. "आबा, इतका गोड चहा मी बऱ्याच दिवसांत प्यायले नाही. हा माझा. दर वर्षी माझा."

चिरंजीवांनी टेबलावर थाप मारली. ठमी खुर्चीवर उभी राहून नाचू लागली. सूनबाईने तोंडावर हात धरला होता आणि तिचे डोळे वाहत होते.

"मी काहीही झालं तरी हात लावू नका म्हणाले होते, आबा," ती म्हणाली. "तुम्ही माझं ऐकलं असतंत तर आज काही उरलं नसतं."

"ऐकलं म्हणून तर उरलं," आबा म्हणाले. "दोन दिवस तू मला गप्प बसवलंस तेव्हा कुठे मला नाक असल्याचं कळलं."

त्यांनीही एक घोट घेतला. आधी काहीच नाही, ते पूर्वीचं गरम पाणीच. मग गिळल्यावर घशात मागून गोडी आली, सावकाश, आणि तशीच टिकून राहिली. "अरेच्चा, हा उशिरा येतो," ते म्हणाले आणि सगळे हसले.

पण मालकीणबाई पक्क्या दुकानदार. हसणं ओसरल्यावर त्या सूनबाईला म्हणाल्या, "आता तर तू मला दुकानात दुप्पट हवी आहेस. असा चहा करणारी गिऱ्हाइकांसमोर उभी राहिली तर काय बहार येईल! चहा हे लोक करतील, तू ये माझ्याकडे. विचार कर." आणि सूनबाई काही बोलायच्या आतच त्या पुढच्या विषयावर गेल्या. "हो, आणि एक सांगते. यातला एक डबा घट्ट बंद करून बाजूला ठेवा. पांढरा चहा ठेवला की मुरतो. रंग गडद होत जातो, चव खजुरासारखी होते. दहा-बारा वर्षांनी उघडा, ही पोर मोठी झाली की. तिकडे घराघरांत असा ठेवतात."

आबा पेल्यात बघत होते. सूनबाई अजून 'नाही' म्हणाली नव्हती, 'हो'ही म्हणाली नव्हती. सरळ विचारायचं धैर्य त्यांना होईना. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"तो डबा," ते म्हणाले, आणि आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा फारच बारीक निघाला. "दहा-बारा वर्षं म्हणजे... ठेवायचा कुठे?"

सूनबाईने मान वर केली. तिला प्रश्न पुरता कळला होता. तिने मालकीणबाईंकडे पाहून हसत नकारार्थी मान हलवली, आणि मग आबांकडे वळली.

"इथे, आबा. आपल्या घरात. उघडायला आपण सगळे लागणार ना?"

आबांना पेला धरवेना. चहा बशीत सांडला, बशीतून चादरीवर, चादरीवरून त्यांच्या धोतरावर.

"अहो, सांडतोय!" आजी ओरडल्या.

"सांडू दे," आबा रडत-हसत म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा करू. सगळे मिळून करू."